नाचणीच्या डब्यातली मूठ

कमळीच्या घरात सुना दोन, पिठं दोन आणि ओटा एक. ओट्याच्या उजव्या अंगाला थोरली निधी, डाव्या अंगाला धाकटी खुशी, आणि मधे गॅसची शेगडी, जिच्यावरून रोज सकाळी खाडीच्या भरतीसारखं भांडण चढायचं.

निधीचं पीठ खपली गव्हाचं. त्यात ओट्स, जवस, आणखी चार धान्यं आणि दूध पावडर. पिशवीवर छापील चिठ्ठी: होल ग्रेन पॅनकेक मिक्स. खुशीचं पीठ मोड आणलेल्या नाचणीचं. त्यात वरई, ज्वारी, खजुराची पूड. तिच्या पिशवीवर चिठ्ठी नव्हती, स्केच पेननं लिहिलेलं नाव होतं. हे असं पीठ करून विकायची कल्पना आधी कोणाला सुचली, याचे त्या घरात दोन इतिहास होते आणि दोन्ही मोठ्या आवाजात सांगितले जायचे.

"तुझ्या पिशवीवर सात धान्यांची नावं आहेत वहिनी," खुशी म्हणायची, "पण पोतं उघडलं की गहूच गहू. बाकीची सहा नुसती लग्नाला आलेली."

"आणि तुझी बिनसाखरेची गोडी कुठून येते गं? खजूर काय कारल्याच्या वेलाला लागतो?"

दोघींचे नवरे, कल्पेश आणि धनेश, अशा वेळी चहाचा कप उचलून अंगणात जायचे. सासू मात्र हलायची नाही. कमळी म्हणजे खाडीकाठच्या गावांत नावाजलेलं तोंड. हळदीच्या मांडवात विहिणींना गाण्यातून शिव्या घालायच्या तर तिलाच बोलवायचे, आणि तिनं घातलेली शिवी विहीण पुढच्या लग्नापर्यंत विसरायची नाही. घरच्या भांडणातही ती गद्य फारसं वापरत नसे. लसूण सोलता सोलता सूर लावायची:

दोन जावांची भांडनं, गं कशापायी झाली
एका चुलीच्या राखंनं, दोघींची तोंडं काळी

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर गिरीज गावच्या डेल्फिनचा निरोप आला. कल्पेश टेंपो चालवायचा, डेल्फिनच्या वाडीतली केळी बाजारात न्यायचा. तिनं वाडीतल्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी उघडल्या होत्या. पाहुणे मुंबईचे. त्यांना सकाळी पॅनकेक हवा, पण मैदा नको, साखर नको, आणि चव मात्र हॉटेलची हवी. "तुझ्या घरात दोघी करतात ना?" डेल्फिननं कल्पेशला विचारलं होतं. "दोन्ही पिठं बघते. पण घेईन एकच. वर्षभर घेईन."

हे ऐकून कमळीनं लसूण सोलायचं सूप बाजूला ठेवलं.

"मागची पडवी एक, मागनाऱ्या सुना दोन. मी काय पडवी मधून चिरू? डेल्फिन जिच्या पिठाला हो म्हनेल, तिची पडवी. आनि मंग दुसरीनं तोंड उघडायचं नाय."

पडवी म्हणजे जुनी जाळी, भाताची पोती आणि खाडीकडची एक खिडकी. पण तिला नळ होता आणि आतून कडी होती. त्या कडीसाठी खुशीचा जीव तुटत होता. लग्न होऊन आल्यापासून दार लावून घेता येईल अशी तिला या घरात एकच जागा मिळाली होती, ती न्हाणी. नाचणी भिजवावी, फडक्यात बांधावी, मोड आले की सावलीत पसरावी, तर तिच्यावरून कोणी बोंबलाचं ताट न्यायचं, कोणी ओला हात झटकायचं. एकदा मोडांवर तळलेल्या सुकटीचा वास असा बसला की सगळी नाचणी कोंबड्यांना घालावी लागली. निधी म्हणाली होती, "कोंबड्यांनी तरी रिव्ह्यू चांगला दिला." तो हसणारा चेहरा खुशीला अजून झोपेत दिसे.

तिनं माहेरच्या पैशानं घरघंटी आणली होती, आणि तीत गव्हाचा दाणा घालू देत नव्हती. पडवी मिळाली की घरघंटी तिथं, नाचणी तिथं, आणि कडी आतून.

डेल्फिनकडे जायच्या दिवशी सकाळी खुशी डबा शोधत होती. झाकण घट्ट बसणारा तिचा एकच डबा होता, माहेरून आलेला, आणि तो निधीनं मागच्या आठवड्यात धनेशच्या हातून मागून नेला होता. विचारायला जावं तर तोंड उघडावं लागणार. तेवढ्यात निधीच आली आणि तिनं डबा ओट्यावर आदळला.

"घे. नाहीतर म्हणशील, वहिनीनं पळवला."

"पळवायला काही ठेवलंयस तू माझं?"

निधी पाठ करून गेली. खुशीनं झाकण काढलं. तळाशी मूठभर पीठ होतं.

आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही त्या घराची रीत. कमळीनं दोघी सुनांच्या हातात ती मेंदीच्या आधी उतरवली होती. शेजारणीची वाटी असो की वैऱ्याचं तपेलं, परत जाताना त्यात काहीतरी जायचंच. आणि भातशेतीच्या घरात काहीतरी म्हणजे तांदळाचं पीठ. दुसरं काय असणार? आलेली मूठ फेकायचीही नाही. जी फेकते तिच्या घरातली बरकत फेकलेल्या दाण्यामागून जाते, असं कमळी सांगायची.

खुशीनं त्या पांढुरक्या मुठीकडे बघितलं आणि तिच्या कपाळाची शीर उडाली. एवढं तोंडावर थुंकायचं आणि वर रीत पाळायची! त्या पिठाला बोट लावायची तिला इच्छा होईना आणि ते फेकायची हिंमत होईना. तिनं आपलं नाचणीचं मिश्रण त्याच्यावर ओतलं, मातीत काहीतरी पुरावं तसं, आणि झाकण दाबलं.

टेंपोत पुढच्या सीटवर दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती. कल्पेशनं गाणी मोठ्यानं लावली. पूल गेला, मिठागरं गेली, बाजार गेला. गिरीजच्या वळणावर केळीची पानं रस्त्यावर वाकली.

डेल्फिन बावखलाच्या काठाशी उभी होती. वाडीला पाणी देणाऱ्या त्या गोल तळ्यात नारळांच्या सावल्या उलट्या टांगल्या होत्या. पंचेचाळिशीची बाई, काटक, बोलणं सरळ.

"या. पण आधी एक सांगते. माझ्या जीनाला गव्हाचा त्रास आहे. डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय. पाव नाही, केक नाही, बिस्किट नाही. पोरीचा तवा वेगळा, ताट वेगळं. त्यामुळे कोणाच्या पिठात काय आहे ते मला खरं पाहिजे."

"माझ्यात गहू आहे," निधी म्हणाली. "पाहुण्यांसाठी आहे आंटी. पाहुणे चव बघतात."

"आणि तुझ्यात?"

"कणही नाही," खुशी म्हणाली. "माझी घरघंटी वेगळी. शपथेवर सांगते."

तळाच्या तांदळाची तिला आठवण झाली नाही असं नाही. पण तांदूळ चालतो, ती मनाशी म्हणाली. तांदळाला कोण घाबरतं?

आधी निधीनं पीठ भिजवलं. तव्यावर पळी पडली तशी ती गोल फुगली, कडेनं तांबूस झाली, उलटली तर आवाजही केला नाही. डेल्फिननं तुकडा तोडला. मऊ. "छान गं," ती म्हणाली, आणि निधीनं मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून खुशीकडे बघितलं.

मग जीनाच्या वेगळ्या तव्यावर खुशी. नाचणीला भिजून बसायला वेळ लागतो, तो तिनं रागाच्या भरात दिला नाही. पहिला पॅनकेक उलथन्यावर दुभंगला. अर्धा तव्याला राहिला, अर्धा उलथन्याला चिकटला. निधीनं ओट्याला टेकून हलक्या आवाजात, अगदी सासूच्या सुरात धरलं:

जाऊ गं जाऊबाई, तुझी नाचणी काळी काळी
उलथन्याला चिकटली, ताटात नाही आली

खुशीनं तवा पुसला, पिठात चमचाभर पाणी घातलं, आणि मान वर न करता फेड केली:

जाऊ गं मोठी जाऊ, तुझा गहू गोरापान
तव्यावर फुगतो मोठा, आतून रिकामं रान

"हळद आहे का गं इथे कोणाची?" डेल्फिन हसली. ती एकटीच हसली.

दुसरा पॅनकेक शहाण्यासारखा उलटला. काळसर, भाजल्या मातीच्या वासाचा. तेवढ्यात शाळेतून जीना आली, नऊ-दहा वर्षांची, गालावर शाईचा डाग. खुशीनं तिला पहिला घास दिला. पोरीनं चावला, थांबली, परत चावला. तिनं पूर्ण संपवला आणि दुसरा मागितला. मग आईकडे वळून म्हणाली, "मम्मा, हा सगळ्यांसाठी केला तर मी पाहुण्यांच्या टेबलावर बसू?"

डेल्फिनच्या हातातला चमचा होता तिथं राहिला. तिनं निधीच्या मऊ, गोऱ्या पॅनकेककडे बघितलं आणि बशी हळूच बाजूला सरकवली. बशी सरकली तशी पडवी सरकली, हे दोघींनाही कळलं.

"खुशी, डबा ठेवून जा," डेल्फिन म्हणाली. "दोन-चार दिवस रोज करून बघते. पोरीला मानवलं तर तुझंच."

परतीच्या वाटेवर निधी म्हणाली, "पोरीला पुढे करून जिंकलीस." खुशीच्या डोळ्यांपुढे कडी होती, पितळेची, आतून सरकणारी.

पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा खुशी नाचणीचे मोड पसरत होती. पलीकडून डेल्फिनचा आवाज असा आला की तो स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू गेला.

"पोर कालपासून ओकतेय. पोट धरून बसलीय. डॉक्टर विचारतात, गहू गेला का पोटात? इतके दिवस काही नाही आणि डबा तळाला गेला तेव्हाच कसं झालं? माझ्या ओट्यासमोर शपथ घेतलीस ना गं तू? क्रुसावरचा जेजू बघतोय. तुझा डबा घेऊन जा."

फोन बंद झाला. मोडांवर माशी बसली तरी खुशीचा हात हलला नाही.

कमळीनं नि:श्वास टाकला. "झालं. निधी, पडवीतली जाळी काढायला घे."

तळाला गेला तेव्हाच. तळाला. खुशीनं सावकाश मान वळवली. निधी शेगडीपाशी उभी होती, आणि तिच्या ओठांवरचा रंग उतरला होता.

"काय घातलं होतंस तू डब्यात?"

"कुठल्या डब्यात?"

"माझ्या! मूठ घातली होतीस. तांदळाचं होतं ना ते?"

निधीनं हात पदराला पुसले.

"वहिनी, तांदळाचं होतं ना?"

"तांदळाचं संपलं होतं," निधी म्हणाली. "हात खपलीच्या पिठात होता. त्यातलंच घातलं."

"मुद्दाम घातलंस!"

"मुद्दाम घालायला मला काय माहीत तू त्यात डेल्फिनचं पीठ भरणार? तुझे दहा डबे आहेत असं मला वाटलं!"

"माझा एकच आहे! झाकणाचा एकच! अख्ख्या घराला माहितीये!"

"मला नाही माहीत! मी तुझी भांडी मोजत बसत नाही!"

"मग मूठ कशाला घातलीस? एवढी माया कुठून आली?"

"तुझ्यासाठी नाही घातली!" निधी ओरडली. "डब्यासाठी घातली! रिकामा कसा देऊ? हात जातच नाही माझा रिकामा. या बाईनं शिकवलंय ना!" तिनं सासूकडे बोट केलं. मग तेच बोट खुशीकडे वळलं. "आणि तू? तू आंधळी होतीस? उघडलास तेव्हा दिसलं नाही? पीठ बोटात धरलं असतंस तर कळलं असतं. खपली रवाळ लागते, तांदूळ भुरभुरतो. दोन वर्षं पीठ विकतेस!"

"तुझ्या पिठाला हात लावायची किळस आली मला."

"मग ओतून द्यायचं!"

"आलेली मूठ कोण फेकतं?"

शेगडीवर भाताचं पाणी उतू गेलं, तरी कोणी झाकण उचललं नाही. कमळी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या तोंडात त्या घडीला एकही ओळ नव्हती.

"रीत माझी हाय," ती शेवटी म्हणाली. "अक्कल तुमची तुम्ही लावायची व्हती."

खुशी स्कूटीची किल्ली घेऊन निघाली. दारात निधीचा आवाज आला: "जा, सांग. वहिनीनं विष घातलं म्हणून सांग. पडवी मिळेल तुला." त्यात टोमणा होता, पण टोमण्याच्या मागे काहीतरी थरथरत होतं. ते खुशीला ऐकू आलं आणि आवडलं. गिरीजपर्यंत ते तिनं तोंडात खडीसाखरेसारखं घोळवलं. सांगायचं. सगळं सांगायचं. जावेनं गहू घातला आंटी, मला काय ठाऊक? वाक्य तयार होतं आणि खरंही होतं.

जीना पलंगावर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ कोरडे. तिनं खुशीला बघून हसायचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यात सोडला. डेल्फिननं बसायला सांगितलं नाही.

"आंटी, गहू होता," खुशी म्हणाली. "तळाला होता. माझ्या जावेनं डबा परत दिला तेव्हा त्यात मूठभर पीठ घातलं होतं. रिकामा देत नाहीत म्हणून."

"आम्हीपण नाही देत," डेल्फिन म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "म्हणजे तिनं केलं. तुला न सांगता."

खुशीनं मान हलवायची होती, एवढंच. नुसती मान. डेल्फिननंच दार उघडून धरलं होतं, आणि दारापलीकडे पडवी होती, घरघंटी होती, कडी होती.

"भरताना तू डबा बघितला नव्हतास ना?" डेल्फिननं विचारलं.

पलंगावरून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. त्यांना जावा-जावांचं काही घेणं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की पुढच्या वेळी ताटात काय येईल ते कोणीतरी आधी बघितलेलं असावं.

"बघितला होता," खुशी म्हणाली. "पीठ दिसलं होतं. तांदळाचं समजले. हात लावला नाही, काढलंही नाही. वरून ओतलं."

डेल्फिननं मोरीतून घासलेला डबा आणला.

"तुझं नको. तिचंही नको. तिचं घेतलं तर माझी पोर परत वेगळ्या ताटात बसणार, आणि तुझं घेतलं तर मी रोज तळ बघत बसणार. पाहुण्यांना मी माझी भाकरी देईन. खातील, नाहीतर उपाशी जातील. जा तू."

घरी आल्यावर खुशीनं ते सगळं उभ्या उभ्या सांगितलं. कमळीनं ऐकलं. मग ती उठली, आपली गोधडी उचलली, उशी उचलली, पानाचा डबा उचलला आणि पडवीकडे चालू लागली.

"आई, कुठे?" निधीनं विचारलं.

"कोनाला हो नाय, कोनाला पडवी नाय. माझी पडवी, मीच झोपते. तुमचं दोघींचं आयकून माझं कान किटलं." आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

निधी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी जवळ की तिच्या अंगाला लागलेला भाजल्या जवसाचा वास येत होता.

"बघितलं होतं असं का सांगितलंस?"

"खरं होतं."

"खरं तर मी घातलं तेही होतं. तेवढ्यावर थांबायचं होतं. तुझं काम झालं असतं."

"झालं असतं."

"मग? आता मी काय करू? तुझी पूजा मांडू? गावभर सांगत फिरशील, वहिनीला वाचवलं म्हणून. मला तुझे उपकार नकोत, कळलं? मला तू नकोस आणि तुझे उपकारही नकोत!"

"तुला वाचवायला गेले नव्हते. पोरगी बघत होती."

"पोरगी बघत होती म्हणे!" निधीनं फोन काढला आणि नंबर लावला. आवाज मुद्दाम मोठा ठेवला, खुशीनं ऐकावा म्हणून. "डेल्फिन आंटी, मी निधी. गहू मी घातला होता. हिला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, आम्ही धड बोलत नाही म्हणून नाही सांगितलं. जीना कशी आहे?"

"पेज खाल्ली," पलीकडून आवाज आला. "आणि आता दोघींपैकी कोणी फोन केलात तर कल्पेशला केळी देणार नाही."

निधीनं फोन ओट्यावर ठेवला. "फिटलं," ती म्हणाली.

"काही फिटलं नाही," खुशी म्हणाली.

"फिटलं म्हणते ना!"

"नाही म्हणते ना मी!"

पडवीतून कमळीनं हाक मारली, "चहा टाका कोनीतरी!"

कोणी हललं नाही. निधीनं खिडकीतून बाहेर बघितलं, खुशीनं भिंतीकडे. खाडी ओहोटीला लागली होती, चिखलावर बगळे उतरत होते. दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा वरच्या पट्टीत. तशा दोघी एकदमच वळल्या आणि दोघींनी एकाच पातेल्याला हात घातला.

"सोड," निधी म्हणाली.

"तू सोड," खुशी म्हणाली.

आणि पातेलं दोघींच्या मधे, शेगडीच्या वर, तसंच अधांतरी राहिलं.